बारीक आवाज

चाकणच्या त्या कंपनीत भैरू ढगेच्या कानाला मान होता. तिथं मालवाहू गाड्यांचे गिअरबॉक्स तयार व्हायचे, आणि तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स बाहेर पडण्याआधी एका बंद केबिनमध्ये यायचा. केबिनच्या भिंतींना जाड फोम लावलेला होता. गिअरबॉक्स बेंचवर बसवायचा, मोटर चालू करायची, एकेक गिअर टाकत जायचा आणि ऐकायचं. समोरच्या स्क्रीनवर आलेख उमटायचा, पण आलेख काठावर असला की शेवटचा शब्द भैरूचा. तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ओके," नाहीतर, "खोला."

खोला म्हटलं की पुढचे दोन तास दोन माणसं त्यात अडकायची. तरी त्याच्या शब्दाला कुणी हरकत घ्यायचं नाही.

भैरू मूळचा भूम तालुक्यातला. सत्तावीस वर्षांपूर्वी इकडं आला. पहिली अकरा वर्षं त्यानं प्रेस शॉपमध्ये, पत्र्याला आकार देणाऱ्या दणदणत्या मशिनींवर काढली, नंतर गिअरबॉक्सच्या लाइनवर गेला आणि तिथून केबिनमध्ये. आता बावन्न वर्षांचा होता. मोशीत एका चार मजली इमारतीत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात बायको विजयश्री आणि मुलगी स्वरूपा. स्वरूपाचा डिप्लोमा झाला होता आणि भोसरीतल्या साचे बनवणाऱ्या एका टूलरूमसाठी ती घरी बसून त्या साच्यांची, म्हणजे डायची, ड्रॉइंग काढायची. तिचा कॉम्प्युटर जुना होता, एका बंद झालेल्या ऑफिसातून घेतलेला. बाहेरच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी स्वरूपा म्हणाली, "पप्पा, कॉम्प्युटर आवाज करतोय. जरा ऐकता का?"

असं कुणी विचारलेलं भैरूला आवडायचं. इमारतीतली माणसं त्याला पाण्याची मोटर ऐकायला खाली बोलवायची, स्कूटर ऐकायला बोलवायची. त्यानं छताचा पंखा बंद केला, विजयश्रीला मिक्सर थांबवायला सांगितलं आणि टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा बाहेर ओढला. स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्याला लावून त्यानं चार जागी ऐकलं. मागच्या बाजूला घरघर स्पष्ट होती.

"फॅन आहे. बेअरिंग कोरडं पडलंय."

त्यानं कॉम्प्युटर बंद करून पत्रा काढला. आतली धूळ ब्रशनं झाडली, फॅन सोडवला, मधलं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि सगळं परत लावलं. कॉम्प्युटर सुरू केला. घरघर गेली होती.

"बघ," तो म्हणाला.

स्वरूपानं खाली वाकून कान लावला. थोडा वेळ तशीच राहिली. "मोठा आवाज गेला. पण एक बारीक आहे अजून. शिट्टीसारखा."

"कुठं?"

"हा काय. आत्ता येतोय."

भैरूनं पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला. फॅनची हवा ऐकू येत होती. बाकी काही नव्हतं.

विजयश्री ओले हात पदराला पुसत दारात आली. "मला बी यायलंय की. डास गुणगुणल्यावानी."

दोघी एकाच ठिकाणी बघत होत्या. भैरूनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"नवं तेल आहे. एक-दोन दिवसांत बसेल."

"निगडीला दाखवून आणू का एकदा? तिथं एक ताई बघतात. माझ्या मैत्रिणीचा त्यांनीच केला."

"घरात मी असताना निगडीला कशाला न्यायचा?"

लहानपणापासून स्वरूपानं बघितलं होतं, वडील ओके म्हणाले की वस्तू ओके असते. ती कामाला बसली. नंतरही दोन-तीनदा तिनं विषय काढला, आवाज वाढलाय म्हणाली. भैरूनं प्रत्येक वेळी वाकून ऐकलं आणि प्रत्येक वेळी तेच सांगितलं. शेवटी तिनं कानात इयरफोन घालून काम करायला सुरुवात केली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, तो पहिली शिफ्ट करून घरी आला तेव्हा स्वरूपा हात मांडीवर ठेवून बसली होती. स्क्रीन काळी होती आणि तिच्यावर दोन पांढऱ्या ओळी होत्या. टेबलाखालून ठराविक वेळानं टक, टक, टक असा आवाज येत होता.

"हे येतंय मला ऐकू," भैरू म्हणाला. म्हणून गेल्यावर त्याला वाटलं, असं आपण का बोललो.

"दुपारी बंद पडला. परत चालू केला तर हेच."

"आतलं काम?"

"पेन ड्राइव्हवर मागच्या महिन्यातलं आहे. ही मोठी डाय सगळी इथंच होती. सोमवारी द्यायची होती." तिचा आवाज साधाच होता. त्या साधेपणानं भैरू जास्त घाबरला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर दोघं स्कूटरवर निघाली. स्वरूपा कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून मागं मांडीवर घेऊन बसली होती. स्पाइन रोडवर सिग्नलला थांबलं की ती डबा नीट धरायची, आतलं काही हलू नये म्हणून.

निगडीच्या बसस्टँडमागं एका गाळ्यात संस्कृती नावाच्या बाईचं दुरुस्तीचं दुकान होतं. तीस-बत्तीस वर्षांची, केस वर बांधलेले, कपाळावर भिंग. तिनं काही विचारायच्या आधीच डबा उघडला, हार्ड डिस्क काढली, आपल्या मशीनला दोन वायरींनी जोडली आणि ती फिरायला लागल्यावर मान वर केली.

"केव्हापासून येतोय हा आवाज?"

"कालपासून," भैरू म्हणाला. "टक टक करायला लागला."

"टक टक नाही. ही शिट्टी. ही आधी आली असणार. चकती ज्याच्यावर फिरते ते बेअरिंग गेलंय. एवढी शिट्टी म्हणजे तीन-चार आठवडे तरी वाजत असेल."

भैरूनं काउंटरवरच्या त्या छोट्या चौकोनी वस्तूकडं बघितलं. बाहेर बस वळत होती, तिचा आवाज येत होता. शेजारच्या गाळ्यात कुणी शटर ओढलं, तेही ऐकू आलं.

"आत्ता वाजतेय?" त्यानं विचारलं.

संस्कृतीला वाटलं तो चेष्टा करतोय. ती हसली, मग त्याच्या चेहऱ्याकडं बघून हसायची थांबली. तिनं हळूच विचारलं, "काका, तुम्हाला येत नाहीये का?"

भैरूनं बोट पुढं केलं आणि डिस्कच्या पाठीवर टेकवलं. बोटाला थरथर लागली. बारीक, सलग, न थांबणारी. कंपनीत असा थरथराट हाताला लागला असता तर त्यानं एका क्षणात गिअरबॉक्स खोलायला लावला असता. त्यानं कान आणखी जवळ नेला. काही नाही. त्यानं बोट काढलं तेव्हा स्वरूपा त्याच्याकडं बघत होती. तिला कळलं होतं.

संस्कृतीनं वीज बंद केली. "आवाज यायला लागला तेव्हाच आणला असता तर सगळं काढून दिलं असतं. आता चकतीवर चरे पडलेत बहुतेक. प्रयत्न करते, पण आशा ठेवू नका."

परतीच्या वाटेवर स्वरूपानं एकदाच तोंड उघडलं. सिग्नलला गाडी थांबली होती. त्याच्या खांद्याशी तोंड आणून ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही सांगायचं ना, मला येत नाही म्हणून. मी नेला असता."

"मला वाटलं, नाहीच आहे," भैरू म्हणाला. सिग्नल सुटला.

घरी आल्यावर तिनं मोबाइलवर कानाच्या तपासणीचं एक ॲप शोधलं आणि त्याला समोर बसवलं. सुरुवातीचे आवाज त्याला आले. मग आवाज वरच्या पट्टीत चढत गेले. एका ठिकाणी तो म्हणाला, "बंद केलास?" स्वरूपानं नाही अशी मान हलवली. आतल्या खोलीतून विजयश्री म्हणाली, "अगं बंद कर ते, कानात सुई घातल्यावानी व्हायलंय." भैरू हाताची घडी घालून बसून राहिला. मोबाइल टेबलावर होता आणि खोलीत शांतता होती, फक्त त्याच्यापुरती.

खरं म्हणजे ही बातमी त्याला पूर्ण नवी नव्हती. कंपनीत वर्षातून एकदा कानांच्या तपासणीची गाडी यायची. हेडफोन घालून खुर्चीत बसवायचे आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायचे. काचेपलीकडं तपासणारा माणूस बसायचा. आवाज सोडताना त्याचा उजवा खांदा किंचित खाली जायचा. गेली दोन वर्षं भैरू काही वेळा त्या खांद्याकडं बघून बटण दाबत होता. पहिल्यांदा ते आपसूक झालं. दुसऱ्या वर्षी मुद्दाम केलं. त्यानं स्वतःला सांगितलं होतं की हेडफोन जुना आहे, त्यातून नीट येत नाही. दोन्ही वर्षी कागदावर कान व्यवस्थित असल्याचं लिहून आलं.

त्या संध्याकाळी त्याला जयदीप आठवला.

जयदीप शेलपिंपळगावचा, शेतकऱ्याच्या घरातला, चौतिशीचा माणूस. कॉन्ट्रॅक्टवर होता. मागच्या उन्हाळ्यात त्याला केबिनमध्ये भैरूच्या जोडीला दिलं होतं. कामाला चोख, बोलायला कमी. जूनमध्ये एके दिवशी त्यानं एक गिअरबॉक्स थांबवला. "भाऊ, चौथ्या गिअरला बारीक आवाज हाय." भैरूनं ऐकलं. आलेख काठावर होता. त्याला काही आलं नाही. "ओके आहे," तो म्हणाला. आठवड्यानं दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या वेळी जयदीपनं स्वतःच लाल स्टिकर चिकटवलं आणि लाइन थांबली. शिफ्ट इनचार्ज दौलतराव केबिनमध्ये आले आणि त्यांनी सरळ विचारलं, "भैरूभाऊ, कोण बरोबर?"

भैरूनं पुन्हा ऐकलं. जयदीप समोर उभा होता. "बॉक्स ओके आहे," भैरू म्हणाला. दौलतरावांनी विचारलं, मग हा का थांबवतोय? भैरू म्हणाला, "कान कच्चा आहे त्याचा."

जुलैअखेर जयदीपचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ते पुढं वाढवलं नाही. नोव्हेंबरमध्ये आवाजाची तक्रार घेऊन चार गिअरबॉक्स गिऱ्हाइकाकडून परत आले, तेव्हा दोष तेलावर गेला. भैरूनंही तेलच म्हटलं होतं.

सोमवारी पहिल्या शिफ्टला तो केबिनमध्ये गेला नाही. दौलतरावांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"मला केबिनवरून काढा. बारीक आवाज मला येत नाही. किती दिवसांपासून येत नाही तेही सांगता येणार नाही."

दौलतरावांनी हातातला पेन खाली ठेवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. भैरूच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला ते स्वतः आले होते. त्यांनी आधी दार लावलं.

"आणखी कुणाला बोललात?"

"घरी माहीत आहे."

"भैरूभाऊ, वर्षभरात किती बॉक्स गेले तुमच्या हाताखालून? ते सगळे परत मागवायचे का? असं म्हटलं तर माझ्यापासून वरपर्यंत सगळे जाब द्यायला उभे राहतील." ते थांबले. "तब्येतीचा अर्ज द्या. पाठदुखी लिहा. उद्यापासून पॅकिंगला टाकतो."

"कान लिहितो."

"कान लिहिलंत तर मला तो कागद वर द्यावा लागेल."

"द्या."

त्यानं तिथंच बसून अर्ज लिहिला. अक्षर मोठं आणि वाकडं येत होतं. आधी स्वतःच्या कानाबद्दल लिहिलं. मग दुसरा परिच्छेद लिहिला: मागच्या वर्षी जूनमध्ये जयदीप यांनी थांबवलेल्या तीन गिअरबॉक्सबाबत त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि माझं चुकीचं, त्यांच्या कानात दोष नव्हता. दौलतरावांनी दोनदा वाचलं.

"हा दुसरा भाग काढा. तो माणूस आता आपल्याकडं नाही."

"राहू द्या."

दौलतरावांनी कागद खणात ठेवला आणि खण लावला. तो वर गेला की नाही, हे भैरूला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पॅकिंगला होता. नोटीस बोर्डावर बदलीच्या यादीत त्याच्या नावापुढं लिहिलं होतं, प्रकृतीच्या कारणास्तव.

त्याच आठवड्यात संस्कृतीचा फोन आला. डिस्कमधून काहीच निघालं नव्हतं. टूलरूमच्या मालकांनी स्वरूपाला चार दिवस जास्त दिले, पण त्यांचं गिऱ्हाईक थांबलं नाही. ते काम दुसरीकडं गेलं आणि तिच्याकडं घरी यायची कामंही थांबली.

पुढच्या रविवारी दुपारी भैरू एकटाच शेलपिंपळगावला गेला. खिशात अर्जाची एक प्रत होती, स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिलेली. घर विचारत विचारत सापडलं. विटांचं, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत जयदीपची आई गवराबाई लसूण सोलत बसली होती. दोरीवर निळा शर्ट वाळत होता, खांद्यावर सिक्युरिटी एजन्सीचा बिल्ला शिवलेला.

जयदीप आतून आला. झोपेतून उठल्यासारखा दिसत होता. भैरूला बघून तो दारातच थांबला, मग म्हणाला, "या भाऊ. बसा."

खुर्ची आली. पाणी आलं. गवराबाई आत चहा टाकायला गेली.

"गोडाउनला असतो आता," जयदीप म्हणाला. "रातच्याला. तुमी कसं काय इकडं?"

रस्त्यानं येताना भैरूनं बरंच जुळवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना.

"मागच्या वर्षी तू तीन बॉक्स थांबवलेस."

"थांबवलं व्हतं. तुमी ओके केले."

"त्यांच्यात आवाज होता."

जयदीप त्याच्याकडं बघत राहिला. "आता आला व्हय तुमाला?"

"नाही. मला आत्ताही येत नाही. माझा कान गेलाय. तेव्हाच गेला होता." भैरूनं त्याला कॉम्प्युटरचं सांगितलं, निगडीच्या दुकानातलं सांगितलं, मुलीच्या बुडालेल्या कामाचं सांगितलं. जयदीपनं पडवीच्या खांबाला पाठ टेकवली होती आणि तो जमिनीकडं बघत होता.

तो तसाच बोलायला लागला. "कंपनी सुटल्याचं येवढं काय न्हाई भाऊ. आमी शेतातली मान्सं, कायतरी बगतोच. पन तुमी म्हनालात कान कच्चा हाय. तुमी म्हनालात म्हनून मला ते पटलं. त्याच्यानंतर मला कुठं बी आवाज यायचा. बोरच्या मोटरीत यायचा, गाडीत यायचा. बायकोला म्हनायचो, ऐक. ती म्हनायची, मला न्हाई बा येत. चाकनला डाक्टरला दावलं. त्यो म्हनला, कान एकदम चांगले हायेत. मग म्हनलं, कानात न्हाई तर डोक्यात असंल. गप बसलो. आता आवाज आला तरी मी कुनाला सांगत न्हाई."

चहा आला. गवराबाईनं कप दोघांच्या हातात दिले आणि ती पुन्हा लसणापाशी बसली.

"एक इचारू?" जयदीप म्हणाला. "त्या वक्ताला तुमाला खरंच आला न्हवता, का आपलंच खरं करायचं म्हनून सोडला?"

भैरूला हो म्हणून सुटता आलं असतं. खरंच आला नव्हता, एवढं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं.

"आला नव्हता," तो म्हणाला. "पण आपल्याला बारीक येत नाही, हे मला थोडंफार ठाऊक होतं. तपासणीच्या गाडीत मी त्या माणसाच्या खांद्याकडं बघून बटण दाबायचो. तू बॉक्स थांबवलास तेव्हा मला भीती वाटली. तुझं बरोबर निघालं असतं तर माझं कळलं असतं."

जयदीपनं मान हलवली. चिडला नाही. कप खाली ठेवला.

"नुसतं आला न्हवता म्हनाला असता तर आज तुमाला जेवल्याबिगर सोडलं नसतं," तो म्हणाला. "आता न्हाई जमायचं ते."

"नको. त्यासाठी नाही आलो." भैरूनं खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला. जयदीपनं तो सावकाश वाचला, ओठ हलवत.

"ह्यो मी कुठं लावू?"

"दुसऱ्या कंपनीत दाखवता येईल."

"तिथं कोन वाचतंय." तरी त्यानं कागद फेकला नाही. घडी घालून आईकडं दिला. "आत ठिव."

"कशाचा रं?"

"माझे कान चांगले हायेत म्हनून लिहून दिलंय."

गवराबाईनं कागद हातात उलटासुलटा करून बघितला. "ते आमाला ठावं हाय की," ती म्हणाली आणि आत गेली.

भैरू उठला. जयदीप त्याला सोडायला रस्त्यापर्यंत आला नाही. पडवीतूनच म्हणाला, "सावकाश जावा. त्या वळनावर ट्रका लई असत्यात. तुमाला हॉर्न येतो ना?"

"हॉर्न येतो," भैरू म्हणाला.

एप्रिलमध्ये सरकारी दवाखान्यात त्याच्या कानांची नीट तपासणी झाली. या वेळी तो डोळे मिटून बसला. दोन्ही कानांतून वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वर्षं मशिनींच्या आवाजात काम केलं आणि कानात बोळे घालत होतात का. प्रेस शॉपमध्ये तेव्हा बोळे घालणाऱ्याला बाकीचे हसायचे. त्याला कानाचं मशीन लावायला सांगितलं. मशीन लावलं की ताटल्या, पिशव्या, चपला सगळं अंगावर आल्यासारखं वाजायचं आणि माणसांचं बोलणं होतं तिथंच राहायचं. पॅकिंगमध्ये दिवसभर लाकडी खोक्यांना खिळे ठोकतात. तिथं तो ते काढून खिशात ठेवायचा.

केबिनमध्ये आता दुसराच माणूस बसतो. जयदीपला कुणी बोलावलं नाही. भैरूनं दौलतरावांना दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "आता तो विषय पुरे, भैरूभाऊ." ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत.

स्वरूपानं घरून काम करणं सोडलं. भोसरीच्याच दुसऱ्या एका कारखान्यात ती सकाळी नऊला जाते आणि सातला येते. वडिलांवर ती चिडली नाही. ती त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडं तोंड करून, सावकाश बोलते. पण असं बोलायचं म्हटलं की कामाचंच बोलणं होतं. जेवण झालं का, किल्ली घेतली का, उद्या कुठली शिफ्ट.

विजयश्रीला आवाज चढवून बोलायची सवय नाही. मोठ्यानं सांगितलं की शेजारी जातं, म्हणून सुरुवातीला ती जवळ येऊन सांगायची. खालच्या बाईचं काय झालं, भावजय फोनवर काय म्हणाली. भैरू दोनदा काय म्हणायचा, तिसऱ्यांदा ती "जाऊ द्या" म्हणायची. पावसाळा लागेपर्यंत तिनं सांगायच्या गोष्टीच कमी केल्या.

एका रविवारी सकाळी तो बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसला होता. आत ओट्यापाशी मायलेकी पालक निवडत होत्या. विजयश्री काहीतरी म्हणाली आणि स्वरूपाला हसू फुटलं. ती इतकी हसली की तिनं हातातली जुडी खाली ठेवली. फार दिवसांनी ती अशी हसत होती. भैरू उठून दारात गेला.

"काय झालं?"

दोघींनी त्याच्याकडं बघितलं. विजयश्रीनं क्षणभर विचार केला, सांगावं की नाही असा.

"काही नाही," ती म्हणाली, आणि मग त्याला ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "काही नाही म्हटलं."